बिनपगारी दिवाणजी

रविवार, 2 नोव्हेंबर 2025. दुपारी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती आणि घरात सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलं होतं. मी मात्र पहाटे साडेपाचपासून लॅपटॉपसमोर बसून होतो. टोरंटोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना चालू होता. पावणेदहाच्या सुमारास, अकराव्या इनिंगमध्ये टोरंटोच्या फलंदाजाने मारलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने तो उचलला, दुसऱ्या बेसवर पाय टेकवला आणि पहिल्या बेसकडे फेकला. एका चेंडूत दोघे बाद. लॉस अँजेलिस डॉजर्स सलग दुसऱ्यांदा जगज्जेते.

त्या शॉर्टस्टॉपचं नाव मुकी बेट्स. त्याचं हे चौथं अजिंक्यपद. त्यातलं पहिलं, 2018 सालचं, त्याने आमच्यासाठी जिंकलं होतं. 'आमच्या' म्हणजे बॉस्टन रेड सॉक्सच्या. बाकीची तीन डॉजर्ससाठी, कारण फेब्रुवारी 2020 मध्ये आम्ही त्याला देऊन टाकलं.

आणि मी त्या सौद्याच्या बाजूने भांडलो होतो. नुसता भांडलो नव्हतो, एक्सेल शीट केली होती. ती फाइल अजून माझ्याकडे आहे.

हा लेख त्या शीटच्या विरोधात आहे. आणि ती करणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांच्या विरोधात.

शेकोटीभोवतीचा हिशेब

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि पुढचा मार्चअखेर सुरू होतो. मधल्या थंडीत सामने नसतात, पण खेळ चालूच असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, यावर चाहते रात्रंदिवस वाद घालतात. या काळाला तिकडे 'हॉट स्टोव्ह' म्हणतात. पूर्वी गावातल्या दुकानात पेटत्या शेगडीभोवती बसून लोक या गप्पा मारायचे, त्यावरून पडलेलं नाव. आपल्याकडच्या शेकोटीसारखंच.

मी या शेकोटीपाशी आलो 2018 साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या टप्प्यात असताना. आधी 'मनीबॉल' सिनेमा पाहिला, मग मायकल लुईसचं मूळ पुस्तक वाचलं. 2002 साली ओकलंड अथलेटिक्स या गरीब संघाने आकडेवारीच्या जोरावर स्वस्तातले, दुर्लक्षित खेळाडू उचलले आणि सलग 20 सामने जिंकले, त्याची ही गोष्ट. कोडिंग शिकणाऱ्या पोराला याहून गोड गोष्ट कोण सांगणार? जाड चष्मेवाले, लॅपटॉपवाले जिंकतात आणि तंबाखू चघळणारे जुने जाणकार तोंडावर पडतात. मी त्याच वर्षी रेड सॉक्सचा झालो. कारण सांगायला लाज वाटते, पण ते त्या वर्षी 108 सामने जिंकले होते. आणि त्यांच्याकडे बेट्स होता. त्या मोसमात त्याची सरासरी .346 होती, 32 होमरन होते, आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता.

पुढच्या वर्षी संघ घसरला. सप्टेंबर 2019 मध्ये मालकांनी उघड सांगितलं की, आता पगारबिल 20.8 कोटी डॉलरच्या खाली आणायचं आहे. हा आकडा आला कुठून? बेसबॉलमध्ये पगारावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. त्याऐवजी एक उंबरठा आहे. पगारबिल त्याच्या वर गेलं तर जेवढं वर गेलं तेवढ्यावर कर भरायचा. पहिल्या वर्षी 20 टक्के, सलग दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50. एक वर्ष खाली राहिलं की मीटर पुन्हा 20 वर येतं. रेड सॉक्स दोन वर्षं कर भरत होते. 2019 चा त्यांचा कर होता सुमारे 1.3 कोटी डॉलर.

बेट्सच्या कराराचं शेवटचं वर्ष उरलं होतं. त्याला आणि डेव्हिड प्राइस या महागड्या पिचरला डॉजर्सकडे पाठवलं गेलं. प्राइसचा निम्मा पगारही बॉस्टननेच भरायचा असं ठरलं. बदल्यात आले अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागून सहा-आठ महिने झाले होते. माझ्या शीटमध्ये बेट्सच्या पुढच्या बारा वर्षांचं वय, त्याचा अंदाजे 'वॉर', दर वॉरमागे बाजारभाव, आणि बदल्यात आलेल्या तिघांची 'सरप्लस व्हॅल्यू', असं सगळं होतं. वॉर म्हणजे एखाद्या कामचलाऊ खेळाडूऐवजी हा खेळला तर संघाचे किती सामने जास्त जिंकून होतात, तो आकडा. शीट सांगत होती की, सौदा ठीक आहे. तिशीनंतर बेट्स उतरणीला लागेल, आपण योग्य वेळी बाहेर पडलो. 'भावनेच्या आहारी जाऊ नका,' असंही मी मित्रांना ऐकवलं होतं.

पाच महिन्यांनी, जुलै 2020 मध्ये, डॉजर्सनी बेट्सला 12 वर्षांसाठी 36.5 कोटी डॉलरची मुदतवाढ दिली. तेही कोरोनात स्टेडियम रिकामी असताना. त्याच ऑक्टोबरात ते वर्ल्ड सिरीज जिंकले. आम्ही आमच्या विभागात शेवटचे आलो. 2021 साली एकदा डोकं वर काढलं, मग 2022 ला पुन्हा शेवटचे, 2023 ला पुन्हा शेवटचे. डाउन्सला 2022 च्या अखेरीस सोडून दिलं. पुढच्या वर्षी व्हर्डुगोला पाठवलं कुठे, तर आमच्या हाडवैरी यांकीजकडे.

'ते पैसे तुझे होते का?'

ऑगस्ट 2023 मध्ये कामानिमित्त मी काही आठवडे बॉस्टनला होतो. त्यातल्या एका शुक्रवारी बेट्स डॉजर्सच्या निळ्या अक्षरांचा शर्ट घालून पहिल्यांदाच फेनवे पार्कमध्ये परत येणार होता. 1912 सालचं ते मैदान. खुर्च्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याची ओळख झाल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या शेजारी एक आजोबा होते, निवृत्त बसचालक. बेट्स पहिल्यांदा फलंदाजीला आला तेव्हा सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. आजोबाही उठले. गुडघे धरत, सावकाश.

खाली बसल्यावर मी माझं ज्ञान पाजळलं. सौदा हिशेबाने तसा चुकीचा नव्हता, तो मोकळा होऊन निघून गेला असता तर हाती काहीच लागलं नसतं, वगैरे. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते पैसे तुझे होते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "पैसे मालकाचे. खेळाडू आपला होता."

मला तेव्हा हे भाबडं वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, त्या रांगेत अर्थशास्त्र फक्त त्यांनाच कळत होतं.

ऑप्टिमाइझ काय करायचं?

मी रोजीरोटीसाठी जे काम करतो त्यात क्लाउडचं बिल कमी करणं हा मोठा भाग आहे. रिकामे पडलेले सर्व्हर शोधायचे, बंद करायचे, तेवढंच काम कमी पैशात करून दाखवायचं. यात काही वाईट नाही. सर्व्हरला वाईट वाटत नाही. पण या कामातला पहिला धडा असा की, आधी ठरवा वाढवायचं काय आहे आणि मर्यादा कोणती आहे. हे दोन चुकले की पुढचं गणित कितीही सुंदर असलं तरी उत्तर चूकच येतं.

चाहत्याला काय वाढवायचं असतं? विजय. आवडत्या खेळाडूला आपल्या शर्टात बघण्याचे दिवस. मुलाला सांगता येईल अशा संध्याकाळी. आम्ही शीटवाले मात्र 'दर डॉलरमागे विजय' वाढवत बसलो. या गोष्टीचा करंडक अजून कोणी काढलेला नाही. बक्षीस समारंभात 'सर्वाधिक बचत' असा पुरस्कार नसतो.

आणि मर्यादा? आम्ही धरून चाललो की, बजेट म्हणजे गुरुत्वाकर्षणासारखी निसर्गदत्त गोष्ट आहे. 20.8 कोटींवर गेलो तर कडेलोट. प्रत्यक्षात ती रेषा ओलांडण्याची किंमत त्या संघासाठी किरकोळ होती. जॉन हेन्री आणि भागीदारांनी 2002 साली हा संघ सत्तर कोटी डॉलरच्या आसपास घेतला. आज त्याची किंमत साडेचारशे कोटींच्या वर धरली जाते. त्याच समूहाकडे लिव्हरपूल फुटबॉल क्लब आहे, पिट्सबर्गचा आइस हॉकी संघ आहे. फेनवेची तिकिटं देशातल्या सर्वांत महाग तिकिटांमध्ये मोडतात. अशा माणसाला परवडत नाही, हे आम्ही त्याच्या वतीने जगाला समजावून सांगत होतो. फुकट.

जुन्या पेढ्यांवर दिवाणजी असायचे. शेटजींची वही सांभाळायची, उधारीवाल्याला परतवायचं, शेटजींचा पैसा आपलाच असल्यासारखा जपायचा. पण दिवाणजींना निदान पगार होता, दिवाळीला धोतरजोडी मिळायची. आम्ही बिनपगारी. उलट तिकीट, शर्ट आणि स्ट्रीमिंगचे पैसे आम्हीच भरतो.

वरकड मूल्य

आमच्या वादातला सर्वांत लाडका शब्द 'सरप्लस व्हॅल्यू'. मराठीत याला आधीच प्रतिशब्द आहे: वरकड मूल्य. कामगार जेवढं निर्माण करतो आणि त्याला जेवढं मिळतं, त्यातला फरक. गिरणगावातल्या अभ्यासवर्गांत हा शब्द चीड यावी म्हणून शिकवला जायचा. बेसबॉलच्या शेकोटीवर तो कौतुकाने उच्चारला जातो. 'अरे, त्या पोराकडून काय जबरदस्त सरप्लस मिळतोय!'

हा वरकड येतो कुठून ते बघा. बेसबॉलमध्ये नवा खेळाडू पहिली साधारण तीन वर्षं किमान वेतनाच्या आसपास खेळतो. 2025 साली ते 7 लाख 60 हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं लवादाच्या मदतीने पगार थोडा थोडा वाढतो. सहा वर्षं भरली की मगच तो मोकळा होतो आणि कोणाशीही सौदा करू शकतो. म्हणजे कारकिर्दीतली ऐन उमेदीची वर्षं तो बाजारभावाच्या एका तुकड्यात खेळतो.

त्यातही एक चलाखी आहे. संघात 172 दिवस भरले की एक वर्ष धरतात. 2015 साली शिकागो कब्सचा क्रिस ब्रायंट हा तरुण सराव सामन्यांत धो धो होमरन मारत होता. तरी त्याला हंगामाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्ये पाठवलं गेलं आणि काही दिवसांनी वर आणलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले 171. एका दिवसाने हुकला आणि संघाला त्याचं आणखी एक स्वस्त वर्ष मिळालं. त्याने दाद मागितली, ती 2020 मध्ये फेटाळली गेली. त्या एका दिवसाबद्दल चाहते चिडायला हवे होते. माझ्यासारख्यांनी म्हटलं, 'हुशार फ्रंट ऑफिस आहे.'

मोकळं होण्याचा हा हक्कही काही मालकांनी आपणहून दिलेला नाही. 1969 साली कर्ट फ्लड या खेळाडूला सेंट लुईसने फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. मी वस्तू नाही, म्हणत तो गेला नाही, कोर्टात गेला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 3 असा हरला. त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. 1975 च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या खटल्यात लवादाने ती जन्मभराची बेडी तोडली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत मालकांनी आपापसात संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना बोलीच लावायची नाही असं ठरवलं. ते सिद्ध झालं आणि 1990 साली त्यांना 28 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. ज्या मंडळींनी एवढं करून ठेवलंय, त्यांच्या 'परवडत नाही' या दोन शब्दांवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवतो.

समोरच्यांचे मुद्दे

आता माझ्या जुन्या शीटच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजूही खोटी नाही.

पहिला मुद्दा: लांब करार नासतात. खरं आहे. आमच्याच संघाने कार्ल क्रॉफर्डला 7 वर्षांचे 14.2 कोटी दिले आणि दोन वर्षांत त्याला दुसऱ्याच्या गळ्यात मारलं. पाब्लो सँडोव्हलला 9.5 कोटींचा करार दिला आणि मध्येच घरी पाठवलं. पण 2018 चा संघही याच उधळ्या हातांनी बांधला होता. त्या वर्षी सर्वांत मोठं पगारबिल आमचंच होतं आणि अजिंक्यपदही आमचंच. कधी चुकणार नाही असा खर्च फक्त न केलेलाच असतो. आणि वाईट खेळाडूवर उडवलेले पैसे हे चांगल्या खेळाडूला सोडण्याचं कारण कसं होतं?

दुसरा मुद्दा: पगार वाढले की तिकीट महागतं. हा समज मालकांना फार आवडतो. तिकिटाचा भाव ठरतो लोक किती द्यायला तयार आहेत त्यावर. बेट्स गेल्यावर फेनवे स्वस्त झालं नाही. पैसे वाचले ते वाचवणाऱ्याकडे राहिले.

तिसरा मुद्दा: गरीब शहरांनी काय करावं? हा खरा मुद्दा आहे. डॉजर्सना 2013 सालच्या करारानुसार 25 वर्षांत स्थानिक टीव्हीकडून 835 कोटी डॉलर मिळायचे आहेत. पिट्सबर्गला असं कोणी देणार नाही. पण म्हणूनच प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातला 48 टक्के वाटा एका सामाईक हंड्यात टाकतो आणि तो हंडा तीस संघांत सारखा वाटला जातो. राष्ट्रीय टीव्हीचे पैसेही सारखेच वाटले जातात. मिळालेला वाटा मैदानावर उतरतो का, हा प्रश्न कोण विचारणार? बहुतेक संघांच्या वह्या खासगी आहेत. अटलांटासारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या संघाचे आकडे दर तिमाहीला दिसतात, बाकीच्यांचे सहसा दिसत नाहीत. आम्ही मात्र न पाहिलेल्या वहीच्या आधारावर 'बजेटमध्ये बसत नाही' म्हणतो.

चौथा मुद्दा सर्वांत जोरदार: टँपा बे. अगदी छोटं पगारबिल, डोक्यालिटी भरपूर, 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये थेट डॉजर्ससमोर. सहावा सामना आठवतो? टँपाचा पिचर ब्लेक स्नेल अप्रतिम टाकत होता. पाच इनिंग झाल्या होत्या, नऊ जणांना त्याने नुसतं पिचवर संपवलं होतं. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना त्याला दुसरा हिट बसला. टँपा 1-0 ने पुढे. स्नेलचे 73 चेंडू झाले होते. मॅनेजर बाहेर आला आणि त्याने त्याला काढलं, कारण तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की पिचर मार खातात असं आकडे सांगतात. पुढचा फलंदाज कोण? मुकी बेट्स. त्या रात्री स्नेलने त्याला दोनदा बाद केलं होतं. नव्या पिचरवर बेट्सने डबल मारला, दोन मिनिटांत डॉजर्स पुढे गेले, आणि सामना 3-1 ने संपला.

यातून 'आकडे खोटे, मन खरं' असा धडा मी काढत नाही. मी आकड्यांचंच खातो. धडा वेगळाच आहे. डॉजर्सचा प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन टँपातूनच आलेला. बेट्सला बॉस्टनहून पाठवणारा हाइम ब्लूमही त्याच टँपाच्या कार्यालयातून आलेला. दोघांची शाळा एक, गणित एक. एका मालकाने त्या गणिताला पैसे जोडले, दुसऱ्याने त्या गणिताआडून पैसे काढून घेतले. ब्लूमला सप्टेंबर 2023 मध्ये काढलं गेलं. उंबरठा ठरवणारे जागच्या जागी आहेत.

गोष्टीचा शेवट

ही आकडेवारी मुळात आपली होती, हेच मला सर्वांत जास्त लागतं. बिल जेम्स नावाचा माणूस कॅन्ससमधल्या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. त्या पाळीत बसून तो आकडे जुळवायचा आणि 1977 पासून स्वतःच्या पैशाने छापायचा. संघांना कळत नाही ते एका चाहत्याला कळलं, अशी ती गंमत होती. चाहत्याच्या हातातली काठी होती ती. पंचवीस वर्षांनी रेड सॉक्सने त्यालाच नोकरीला ठेवलं. 2004 साली, 86 वर्षांनी, ते जिंकले. तोवर ठीक होतं. पुढे ती काठी गेली ती मालकाच्याच हातात गेली, आणि आम्ही तिला तेल लावत बसलो.

आणि ज्या संघाच्या गोष्टीने मी या खेळात आलो, त्या ओकलंडचं काय झालं? काटकसर ही त्यांची मजबुरी होती, मग ती सवय झाली, मग तोच धंदा झाला. चांगला खेळाडू घडवायचा आणि महाग व्हायच्या आत विकायचा. मनीबॉलच्या त्या हुशारीने त्यांना एकही वर्ल्ड सिरीज मिळाली नाही. चाहते कंटाळले, मैदान ओस पडलं, आणि मालक म्हणाले, बघा, इथे कोणी येतच नाही. 13 जून 2023 ला तिथल्या चाहत्यांनी उलटा बहिष्कार टाकला. म्हणजे ठरवून मैदान भरायचं. 27,759 लोक आले. अंगात हिरवे शर्ट, त्यावर एकच शब्द: 'विका.' ओरडणं मालकाला उद्देशून होतं. त्या रात्री संघ जिंकलासुद्धा.

तरीही संघ गेला. सप्टेंबर 2024 मध्ये ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. आता ते सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर दिवस काढताहेत आणि पुढे लास वेगासला जायचंय. मी म्हणतोय तसं वागूनही ते हरले, हे मान्य. पण त्यांनी निदान योग्य माणसाला जाब विचारला. जगाला काटकसर शिकवणाऱ्या संघाला आज स्वतःचं गाव नाही. शीटच्या कुठल्या रकान्यात हे लिहायचं?

आणि आता

आपल्याला ही भाषा चांगली ओळखीची आहे. आयपीएलच्या लिलावात 'पर्समध्ये किती उरले' यावर आपणही तासन्‌तास बोलतो. पण तिथे पर्स नियमानेच सगळ्यांना सारखी असते, त्यामुळे तो हिशेब खेळाचा भाग आहे. बेसबॉलमध्ये पर्सचा आकार मालक ठरवतो. ज्याने आकार ठरवला त्याला सोडून आत काय बसेल यावर भांडणं म्हणजे घरमालकाने दिवे काढून नेले असता उरलेल्या एका दिव्याखाली कोणी बसायचं यावर घरात मारामारी करणं.

हे सगळं आज लिहायला कारण आहे. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 रोजी संपतोय. पगारावर कमाल मर्यादा हवी, ही मालकांची जुनी मागणी आहे. याच भांडणात 1994 साली वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. आता त्यांच्या बाजूने मोठी फौज आयती तयार आहे: डॉजर्सवर चिडलेले चाहते. ओहतानीला 70 कोटी, त्यातले 68 कोटी नंतर द्यायचे, बेट्स त्यांचाच, वर्ल्ड सिरीजही त्यांचीच. 'खेळाची वाट लावली यांनी, मर्यादा घाला.' राग समजू शकतो. पण रागाचा पत्ता चुकलाय. डॉजर्सनी मला बेट्स परत विकत घेऊ नकोस असं कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडेही तो होता, पैसेही होते. जे खर्च करतात त्यांना रोखा, असं म्हणण्याआधी जे करत नाहीत त्यांना खर्चाची किमान रेषा घाला, असं आपल्यातल्या किती जणांनी म्हटलं?

बॉस्टनमध्ये हे चक्र अजून थांबलेलं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये संघाच्या अध्यक्षांनी 'फुल थ्रॉटल' जाऊ असं जाहीर केलं. त्या हिवाळ्यातला मोठा करार निघाला दोन वर्षांचा, 3.85 कोटींचा, आणि तो पिचर दुखापतीमुळे 2024 मध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. 15 जून 2025 ला राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलं. त्याला अडीच वर्षांपूर्वीच 31 कोटींचा करार दिला होता. त्याच दुपारी संघाने यांकीजना सलग तिसऱ्यांदा हरवलं होतं. डेव्हर्सचं वागणंही अडेलतट्टूपणाचं होतं, हे खरं. पण बातमी आल्यावर पाच मिनिटांत काही ग्रुपांत हिशेब सुरू झाले: 25 कोटी सुटले, आता लवचीकता आली. लवचीकता. मी हा शब्द 2020 मध्ये इतक्या वेळा वापरला होता की, वाचून कानशिलं गरम झाली.

कोणी म्हणेल, पुण्यात बसून बॉस्टनच्या संघासाठी एवढा जीव का काढतोस? कारण सवय एका जागी लागते आणि सगळीकडे पसरते. ज्याला खेळाडूत आधी खर्च दिसतो त्याला पुढे शेजारच्या टेबलावरच्या माणसातही तोच दिसायला लागतो. मी हे स्वतःत पाहिलंय. ऑफिसात एका ज्येष्ठ सहकाऱ्याची जागा 'कमी' झाली तेव्हा माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, त्यांच्या पगारात दोन ज्युनिअर येतील. मला कोणी विचारलंही नव्हतं.

तर या हिवाळ्यात शेकोटीवर बसाल तेव्हा आकडे जरूर काढा. वॉर काढा, वय काढा, करार वाचा. पण ते काढून मालकाचा हिशेब लिहू नका, त्याच्याकडे हिशेब मागा.

त्या 2 नोव्हेंबरला, डॉजर्सचा जल्लोष चालू असताना, मी जुनी शीट उघडली. बेट्सचं वय 33 व्हायचं ते वर्ष शोधलं. माझ्या अंदाजानुसार तो एव्हाना उतरणीला लागलेला असायला हवा होता. आणि फलंदाजीत त्या वर्षी तो खरंच उतरला होता, माझा तेवढा आकडा फार चुकला नव्हता. तोच माणूस उजव्या कोपऱ्यातला आउटफील्डर असताना शॉर्टस्टॉपची जागा शिकून अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडू उचलेल, याला मात्र रकाना नव्हता.

अगदी शेवटी, पिवळ्या रंगात, एक बेरीज केलेली होती: 'एकूण वाचलेली रक्कम.' त्याच्या पुढचा रकाना रिकामा होता. वाचलेली रक्कम कोणाला मिळाली, हे मी कधी लिहिलंच नव्हतं.